नव्वद दिवस कुठून मोजायचे? लांबच्या मुक्कामाचा व्हिसा समजून घेताना

नवऱ्याच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी, २०२५ मध्ये, दोनदा युरोपला जायचं ठरलं. जानेवारीत महिनाभर बर्फातला युरोप, आणि मग मे महिन्यापासून जमेल तितका मोठा मुक्काम. रोज नवं शहर आणि रोज नवं हॉटेल असला प्रवास आम्हाला नको होता. एकेका गावात आठ-दहा दिवस राहायचं, तिथल्या ग्रंथालयात, बागेत, बाजारात निवांत हिंडायचं आणि मग पुढे सरकायचं. बेत कागदावर मांडायला बसले, तेव्हा पहिलाच प्रश्न आला की पर्यटक म्हणून आपल्याला तिथे राहता येतं तरी किती?

उत्तरापर्यंत पोचायला कित्येक संध्याकाळी गेल्या. विचारावं त्याचं उत्तर वेगळं. कुणी म्हणे सहा महिने, कुणी तीन, कुणी म्हणे व्हिसा संपेपर्यंत. वाचत गेले तसं लक्षात आलं की ही माणसं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. व्हिसाला तीन आकडे असतात आणि तिन्ही आपापल्या चालीने चालतात. व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, हा एक. त्या काळात एकूण किती दिवस राहता येईल, हा दुसरा. सीमा ओलांडून किती वेळा आत येता येईल, हा तिसरा. बहुतेक लोक पहिला आकडा बघतात आणि तिकीट काढतात. लांबच्या मुक्कामात सगळं अवलंबून असतं ते दुसऱ्यावर.

आधी अर्जाबद्दल. शेंगेन म्हणजे आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांची व्यवस्था. तीत आजच्या घडीला २९ देश आहेत आणि व्हिसाच्या हिशोबात हे सगळे मिळून एकच देश. अर्ज मात्र एकाच देशाकडे करायचा असतो. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, आणि दोन-तीन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तरी तो पोचलेला असावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण प्रकरण तपासावंसं वाटलं तर ४५ दिवसांपर्यंत. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालेल असा पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. वर्षात अनेकदा जायचं असलं तरी अर्जासोबत विमा पहिल्या फेरीचा पुरतो, पुढच्या प्रत्येक फेरीला तो नव्याने काढणं ही आपली जबाबदारी. हे आम्हाला उशिरा कळलं असतं तर वर्षभराच्या विम्याचे पैसे आधीच भरून बसलो असतो.

लांब मुक्कामाच्या अर्जात आणखी एक गोष्ट जाणवली. दहा दिवसांच्या सहलीचा कार्यक्रम अधिकाऱ्याला एका नजरेत समजतो. तीन महिन्यांचा कार्यक्रम बघितला की त्याच्या मनात साहजिकच येतं, ही माणसं एवढे दिवस तिथे करणार काय, खाणार काय, आणि परत येणार ना? म्हणून आम्ही सोबत एक साधं पत्र जोडलं. कोणत्या गावात किती दिवस, राहण्याची सोय काय, खर्च कशातून, आणि परत येण्याची कारणं. पेन्शनचे कागद, बँकेची विवरणपत्रं, घराची कागदपत्रं. पत्रातली प्रत्येक तारीख आरक्षणाशी जुळत होती. मला वाटतं लांबच्या प्रवासात हे पत्र बँकेतल्या रकमेइतकंच कामाला येतं.

आमच्या बाबतीत एक नियम नेमका वेळेवर आला होता. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी निर्णय घेतला. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो. पुढे तोही नीट वापरला आणि पासपोर्टची मुदत पुरेशी उरली असेल, तर साधारणपणे पाच वर्षांचा. आमचे दोन जुने व्हिसा हिशोबात बसत होते, म्हणून आम्ही तशी विनंती केली आणि ती मान्य झाली.

पासपोर्ट परत आले त्या दिवशी एजंटचा फोन आला. "मॅडम, अभिनंदन! दोन वर्षांचा मल्टिपल मिळालाय. आता कधीही जा, हवं तेवढं राहा, चिंताच नाही!"

त्या माणसाने मनापासून अभिनंदन केलं होतं. पण स्टिकरवर तसं लिहिलेलं नव्हतं.

हे स्टिकर नीट वाचायला शिकणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी भाग. शब्द व्हिसा देणाऱ्या देशाच्या भाषेत छापलेले असतात, त्यामुळे काही वेळा बिचकायला होतं, पण रकाने ठरलेले असतात. वर लिहिलेलं असतं की व्हिसा कुठे चालेल, म्हणजे सगळ्या शेंगेन देशांत की काही मोजक्याच. त्याखाली दोन तारखा, कधीपासून आणि कधीपर्यंत. मग व्हिसाचा प्रकार, पर्यटकांसाठी 'सी'. त्याच्या शेजारी प्रवेशांची संख्या, एक, दोन किंवा 'मल्ट', म्हणजे अनेक. आणि त्याच ओळीत, सहज नजरेतून निसटेल असा, मुक्कामाच्या दिवसांचा आकडा. आमच्या स्टिकरवर तारखांमध्ये दोन वर्षांचं अंतर होतं आणि दिवसांच्या रकान्यात होते ९०.

मग मी आमचे जुने व्हिसा काढून शेजारी ठेवले. त्यातल्या एकावर प्रवेश एक, मुक्काम २० दिवस, पण तारखांमधलं अंतर ३५ दिवसांचं. वरचे १५ दिवस असतात सवलतीचे. विमान पुढे गेलं, सुट्टी दोन दिवस लांबली, तर प्रवासाच्या तारखा हलवता याव्यात म्हणून. आत शिरल्यावर २० दिवसांनी बाहेर पडायचंच, मग व्हिसाची शेवटची तारीख दोन आठवडे लांब का असेना. लोक नेमके इथे फसतात. शेवटची तारीख ठळक दिसते आणि तीच मनात बसते.

आता त्या नव्वद दिवसांकडे वळते. नियम एका वाक्यात सांगता येतो: कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस. ऐकायला सोपं वाटतं. पण १८० दिवस कुठून सुरू करायचे? १ जानेवारीपासून? पहिल्या प्रवेशापासून? व्हिसाच्या तारखेपासून?

यांपैकी कुठूनच नाही. तुम्ही तिथे ज्या दिवशी असाल, त्या प्रत्येक दिवशी मागे वळून बघायचं. आजचा दिवस धरून मागचे १८० दिवस घ्यायचे, त्यांत तुम्ही किती दिवस शेंगेनमध्ये होता ते मोजायचं, आणि उत्तर ९० च्या आत असायला हवं. उद्या पुन्हा तेच, फक्त चौकट एक दिवस पुढे सरकलेली. आत आल्याचा दिवस आणि बाहेर पडल्याचा दिवस, दोन्ही पूर्ण दिवस म्हणून धरतात. रात्री पावणेबाराला विमान उतरून शिक्का बसला तरी तो एक दिवस झाला.

१८ ऑक्टोबर २०१३ च्या आधी मोजणी वेगळी होती. पहिल्या प्रवेशापासून सहा महिने धरायचे, ते संपले की नवा हिशोब सुरू. बऱ्याच अनुभवी प्रवाशांच्या डोक्यात अजून तोच नियम आहे आणि ते तो खात्रीने सांगतात. आमच्या ओळखीचे एक काका, कितीतरी वर्षं युरोपला जाणारे, मला म्हणाले, "अगं, जुलैत तुझे सहा महिने भरतात, मग नवे नव्वद मिळतात." त्यांच्या काळात ते बरोबरही होतं.

हे डोक्यात नीट बसावं म्हणून मी आलेखाच्या कागदाची एक लांब पट्टी केली. एक चौकोन म्हणजे एक दिवस, अशी वर्षभराची. दुसरी पट्टी बरोबर १८० चौकोनांची, पारदर्शक कागदाची. खालच्या पट्टीवर शेंगेनमधले दिवस पेन्सिलने रंगवायचे, वरची पट्टी सरकवत न्यायची आणि तिच्याखाली रंगवलेले चौकोन किती येतात ते मोजायचं. नवरा मोजायचा, मी लिहायची.

आमचा बेत असा मांडला. १० जानेवारीला प्रवेश, ८ फेब्रुवारीला बाहेर. दोन्ही टोकं धरून ३० दिवस. मग १ मे रोजी पुन्हा प्रवेश. पट्टीचं टोक १ मेवर ठेवलं तर तिची दुसरी बाजू ३ नोव्हेंबरला जाते, म्हणजे जानेवारीचे तीसही दिवस चौकटीत. उरले ६०. मेचे ३१ आणि जूनचे २९, असे ६० दिवस २९ जूनला संपतात. ३० जूनला पट्टी २ जानेवारीपर्यंत पोचते, जानेवारीचे दिवस अजून आतच, आणि बेरीज होते ९१. त्या दिवशी तिथे असणं म्हणजे नियम मोडणं.

आता गंमत बघा. १० जानेवारीचा दिवस चौकटीतून बाहेर पडतो ९ जुलैला. त्या दिवशी चौकट ११ जानेवारीपासून सुरू होते, जानेवारी-फेब्रुवारीचे उरतात २९, मे-जूनचे ६० आणि आजचा एक: बरोबर ९०. म्हणजे ९ जुलैला आत येता येतं. १० जुलैला मागचा आणखी एक दिवस गळतो आणि नवा एक भरतो, बेरीज पुन्हा ९०. असं रोज एक जुना दिवस गळत आणि एक नवा भरत तीस दिवस चालतं, ७ ऑगस्टपर्यंत. ८ ऑगस्टला मागे गळायला काही उरत नाही, फेब्रुवारीपासून मेपर्यंत पट्टी कोरीच, आणि बेरीज ९१ होते. म्हणजे आमच्या बेतात फक्त ३० जून ते ८ जुलै एवढे नऊ दिवस बाहेर काढले की पुढचा महिना मोकळा होता. हे कागदावर दिसलं त्या संध्याकाळी आम्हाला फार आनंद झाला.

पट्टीचं उत्तर पडताळून बघायला युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर एक गणनयंत्र आहे. तारखा घातल्या की ते सांगतं किती दिवस झाले आणि किती उरले. उत्तर जुळलं. पण मला तरी वाटतं, यंत्राकडे जाण्याआधी एकदा हाताने मोजावं. नुसता आकडा मिळाला की ऐनवेळी बेत बदलला तर पुन्हा गोंधळ होतो. चौकट सरकते कशी हे कळलं की रस्त्यातसुद्धा मनात हिशोब करता येतो.

ते नऊ दिवस घालवायचे कुठे? शेंगेन आणि युरोपियन युनियन हे एकच नाहीत, हे इथे कामाला येतं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत, म्हणजे तिथले दिवस मोजले जातात. आयर्लंड युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हींत नाही. जुनी प्रवासवर्णनं आणि जुने सल्ले इथे धोक्याचे ठरतात, कारण नकाशा बदलत आलाय. दिवस वाचवायला क्रोएशियात जाऊन राहा, हा एके काळचा उत्तम सल्ला होता. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे. मग लोक बल्गेरिया आणि रोमानियाचं नाव घेऊ लागले. तिथे ३१ मार्च २०२४ ला विमानतळ आणि बंदरांवरची तपासणी उठली, १ जानेवारी २०२५ ला जमिनीवरचीही, आणि तिथले दिवसही नव्वदात धरले जातात.

आम्ही सर्बिया निवडला. शेंगेनचा, ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर सर्बियासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. बाल्कनमधल्या शेजारी देशांतही अशा सवलती आहेत, पण प्रत्येकाच्या अटी निराळ्या. कुठे व्हिसा अनेक प्रवेशांचाच हवा, कुठे तो आधी एकदा वापरलेला हवा, कुठे राहता येतं पंधरवडाभर तर कुठे महिनाभर. म्हणून त्या त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचं पान स्वतः वाचायचं आणि छापून सोबत ठेवायचं. माझ्या फाइलमध्ये असं एक पान होतंच. बुडापेस्टला बसमध्ये चढताना चालकाने आमचे पासपोर्ट उलटेपालटे करून व्हिसा कुठेय विचारलं, तेव्हा ते पुढे केलं. त्याने शांतपणे वाचलं आणि मान डोलावली.

बसवरून आठवलं. बुडापेस्टहून बेलग्रेडला रात्रीची बसही मिळत होती. रात्री निघून पहाटे पोचायचं, एका रात्रीचं हॉटेल वाचतं. पण ती सीमेवर पोचणार मध्यरात्रीच्या आगेमागे. बाहेर पडल्याची तारीख ठरते ती सीमेवरच्या नोंदीवरून, बस सुटण्याच्या वेळेवरून नाही. २९ जूनच्या रात्री निघालेला माणूस सीमेवरच्या रांगेत उभा राहीपर्यंत ३० जून उजाडलेला असू शकतो. शेवटच्या दिवसावर एवढी भिस्त ठेवायची आमची तयारी नव्हती, म्हणून दोन दिवस आधीच, दिवसाच्या बसने निघालो. ते दोन दिवस वाया जात नाहीत. नव्वदातले न वापरलेले दिवस पुढे कामाला येतात, ऑगस्टातली शेवटची तारीख तेवढीच पुढे जाते. मध्यरात्रीनंतरच्या विमानाचंही तेच. विमान साडेबाराचं असेल तर नोंद कोणत्या तारखेची होणार हे रांगेवर अवलंबून, त्यामुळे हिशोबात उशिराचीच तारीख धरावी.

तिसरा आकडा, प्रवेशांचा, आम्हाला त्रासदायक नव्हता. पण ज्यांच्या व्हिसावर एकच प्रवेश आहे त्यांनी फार जपायला हवं. पॅरिसमध्ये आठवडाभर राहून मधे दोन दिवस लंडन आणि मग परत पॅरिसहून घरी, हा अगदी नेहमीचा कार्यक्रम. लंडनला निघताना शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि तिथेच तो व्हिसा संपतो, दिवस कितीही शिल्लक असोत. फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या डोंगरांतलं अँडोरा शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे तिथे जाऊन परत यायचं तर अनेक प्रवेशांचाच व्हिसा लागतो. आणि वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडून प्रवास करत असाल, सामान मधल्या विमानतळावर उतरवून पुन्हा द्यायचं असेल, तर इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरावं लागतं. तोही एक प्रवेशच.

हे सगळं वाचत असताना माझ्या मावसबहिणीच्या सासूबाई अमेरिकेला मुलाकडे निघाल्या होत्या. दहा वर्षांचा व्हिसा, म्हणून मुलाने परतीचं तिकीट आठ महिन्यांनंतरचं काढलेलं. मी बहिणीला म्हटलं, "ताई, व्हिसाची दहा वर्षं ही विमानतळापर्यंत जाण्यासाठी. राहायचं किती हे तिथला अधिकारी ठरवतो." अमेरिकेत पर्यटकाला साधारणपणे सहा महिने मिळतात आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते, जी सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून बघता येते. त्यांना सहाच महिने मिळाले आणि तिकीट अलीकडचं करून घेतलं. ही तारीख ओलांडली तर हातातला दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. खरोखरच अधिक राहायची गरज असेल तर तारीख संपण्याआधी आय-५३९ हा अर्ज करता येतो. आणि मधेच चार दिवस कॅनडाला जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात, असं धरून चालू नये. अशा छोट्या फेरीनंतर आधीचीच तारीख कायम राहू शकते.

ब्रिटनची पद्धत आणखी निराळी. दोन, पाच, दहा वर्षांचे व्हिसा मिळतात, पण एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने. वर्षात एकूण इतकेच दिवस, असा ठरीव आकडा तिथे नाही. तरीही एकामागून एक लांब मुक्काम दिसले तर अधिकाऱ्याला संशय येतो की हा माणूस पाहुणा म्हणून येतोय की इथेच राहतोय, आणि तो प्रवेश नाकारू शकतो. कॅनडात शिक्क्याजवळ वेगळी तारीख लिहिलेली नसेल तर प्रवेशापासून सहा महिने धरायचे. ऑस्ट्रेलियात व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेलाच नसतो, सगळं ऑनलाइन. तिथल्या मंजुरीच्या पत्रात अटींचे क्रमांक असतात आणि त्यांत ८५०३ दिसला तर समजावं की देशात राहून पुढचा व्हिसा जवळपास मिळणार नाही. लांब मुक्कामाच्या विचाराने जाणाऱ्या आईवडिलांनी हा क्रमांक जरूर शोधावा. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख छापून येते, ऑगस्ट २०२३ पासून जास्तीत जास्त ९० दिवसांची. उशिरा पोचलात तर तेवढे दिवस गेले, शेवटची तारीख हलत नाही. जपानच्या एका प्रवेशाच्या व्हिसावर उलट: तीन महिन्यांच्या आत शिरायचं, आणि मुक्कामाचे १५, ३० किंवा ९० दिवस त्यानंतर. थायलंडमध्ये मुदत ओलांडली तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,००० बाट. काही लोक हा दंड खर्चात धरून राहतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण पासपोर्टवर आणि संगणकावर जी नोंद होते ती पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

शेंगेनमध्ये मुक्काम वाढवून मिळतो का, हेही मी शोधलं. मिळतो, पण आजारपण, आपत्ती, उड्डाणं बंद पडणं किंवा घरातली गंभीर घटना अशा कारणांसाठीच. गाव आवडलं म्हणून नाही. सलग चार-सहा महिने एकाच देशात राहायचं असेल त्यांच्यासाठी 'डी' प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा असतो. तो देणाऱ्या देशातले दिवस नव्वदात मोजले जात नाहीत आणि त्या व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत वेगळे नव्वद दिवस फिरता येतं. मात्र त्यासाठी कारण लागतं, शिक्षण, काम, कुटुंब, काही देशांत स्वतःच्या उत्पन्नावर राहणं. नुसतं हिंडणं त्यात बसत नाही.

९ जुलैला आम्ही बेलग्रेडहून परत हंगेरीत शिरलो. सीमेवरच्या तरुण अधिकारी बाईंनी पासपोर्टची पानं एकेक करून उलटली. शेंगेनच्या शिक्क्यात देशाची अक्षरं, मधोमध तारीख, आत येणारा किंवा बाहेर जाणारा बाण आणि विमान, आगगाडी, मोटार किंवा जहाजाचं छोटं चित्र असतं. बाईंनी जानेवारीचा शिक्का शोधला, मग फेब्रुवारीचा, मेचा, जूनचा. संगणकात काही टाकलं. मग विचारलं, "अजून किती दिवस राहणार?" मी तारखांचा कागद पुढे केला: चार शिक्के, प्रत्येक मुक्कामाचे दिवस, आजची बेरीज, शेवटची शक्य तारीख आणि परतीच्या विमानाची तारीख. त्यांनी तो वाचला, आपल्या पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला, आणि शिक्का मारला. असा कागद कुणी मागत नाही, पण पानभर शिक्क्यांतून हिशोब करायची वेळ अधिकाऱ्यावर आणण्यापेक्षा तो आपणच करून नेलेला बरा.

बोर्डिंग पासही आम्ही एकूण एक जपले. बाहेर पडल्याचा शिक्का मारायचा राहिला किंवा पुसट उमटला, तर नियमानुसार अधिकारी असं धरू शकतो की तुम्ही आतच राहिलात. ते खोडून काढायची मुभा प्रवाशाला असते, पण पुरावा दाखवून: तिकीट, बोर्डिंग पास, दुसऱ्या देशातल्या मुक्कामाची पावती. सर्बियातली हॉटेलची बिलं मी म्हणूनच पाकिटात घालून ठेवली.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी प्रवेश-निर्गम व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिक्क्याच्या जागी चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे आणि संगणकातली नोंद. दिवस यंत्रच मोजतं आणि नव्वदाच्या वर एक दिवस गेला तरी ते दाखवतं. पुसट शिक्क्यामुळे निसटून जाण्याची शक्यता त्यात उरत नाही, तशीच राहून गेलेल्या शिक्क्यापायी विनाकारण अडकण्याची भीतीही कमी होते. आमच्या व्हिसावर अजून वेळ शिल्लक आहे आणि पुढच्या वर्षी उत्तरेकडे जायचा विचार चाललाय, म्हणून नव्या वर्षाची पट्टी आखून ठेवली आहे. या खेपेला पहिला चौकोन भरायच्या आधी संगणकातल्या नोंदीचा उतारा मिळतो का तेही विचारून घेणार आहे.